तपासणीपुरती रंगरंगोटी

मल्लेश्वरमच्या काडु मल्लेश्वर देवालयाशी व्यंकोजीराजे भोसल्यांच्या दानाचे नाव जोडलेले आहे. बंगळुरात बदलून आलेला मराठी अधिकारी हे पहिल्या आठवड्यातच ऐकतो आणि पुढे घरी येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला ऐकवतो. याच वस्तीच्या पलीकडे यशवंतपूर ओलांडले की पीण्याची औद्योगिक वसाहत सुरू होते. ती मात्र पाहुण्यांना दाखविण्याच्या यादीत नसते. पीण्यात यंत्रे आणि यंत्रांचे सुटे भाग घडतात, हे सर्वांना ठाऊक आहे. त्या भागांवर मुलामा चढवायला सायनाइड आणि क्रोमिक आम्ल लागते, रंगकामाला विद्रावके लागतात, आणि सायनाइडच्या टाकीत चुकून आम्ल पडले तर माणूस मारणारा वायू काही क्षणांत तयार होतो, हे ठाऊक असणारे थोडे. टाक्यांपाशी उभ्या असणाऱ्यांत ते असतातच असे नाही. त्या टाक्यांपाशी उभे राहणाऱ्यांत नांदेड, लातूर, बीदर, कलबुर्गीकडून पोटासाठी आलेले तरुण असतात, आणि त्यांना नोकरीवर ठेवणाऱ्या कंत्राटदाराने रसायनांविषयी त्यांना काही सांगितले असण्याची शक्यता कमी.

धोका कारखान्याच्या फाटकापाशी थांबत नाही. मल्लेश्वरमच्या वेशीवरच्या भारतीय विज्ञान संस्थेत ५ डिसेंबर २०१८ रोजी एका प्रयोगशाळेत वायूच्या नळकांड्याचा स्फोट होऊन एक संशोधक दगावला आणि इतर जखमी झाले. देशातील सर्वांत विद्वान आवारात हे घडू शकले. १० नोव्हेंबर २०२० रोजी म्हैसूर रस्त्यालगतच्या होसगुड्डदहळ्ळी येथे भर वस्तीतील रसायनांचे गोदाम पेटले आणि आसपासच्या घरांतील माणसांना नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर पडावे लागले. जुन्या कारखाने कायद्याच्या व्याख्येत प्रयोगशाळा सहसा बसत नव्हती आणि नुसते गोदामही बसत नव्हते. आपल्याकडे तपासणी आधी व्याख्येची होते, जागेची नंतर.

जिथे व्याख्या बसते तिथे काय होते, तेही पाहिले पाहिजे. ‘इन्स्पेक्शन आहे’ हे दोन शब्द कारखान्यात पोहोचले की सुरू होणारी धावपळ ठाणे, पुणे, पीण्या, कुठेही सारखीच असते. जिन्याच्या कठड्याला पिवळा रंग लागतो. वाटेत रचलेले ड्रम मागच्या शेडमध्ये जातात. तिथे त्यांच्याशेजारी काय ठेवले आहे, याचा विचार त्या घाईत कोणी करीत नाही. कपाटातले मुखवटे आणि हातमोजे वाटले जातात आणि संध्याकाळी मोजून परत घेतले जातात. वर्षभराची रजिस्टरे एका रात्रीत, एकाच शाईने भरली जातात. कंत्राटी कामगारांपैकी ज्यांची नोंद नाही त्यांना त्या दिवशी सुटी मिळते. वर्षात त्यांना मिळणारी ती बहुधा एकमेव भरपगारी सुटी असावी, आणि तीही भरपगारी असेलच असे नाही. मॉक ड्रिलचे छायाचित्र फाइलला लागते. त्यात सारे कामगार हेल्मेट घालून रांगेत उभे असतात आणि कोणाच्याही चेहऱ्यावर घाई नसते. अशा तयारीवर जगणारे सल्लागार प्रत्येक औद्योगिक शहरात आहेत. फाइल कशी लावावी, निरीक्षकापुढे कोणता कागद आधी ठेवावा आणि कोणता विचारल्याशिवाय दाखवू नये, हे ते उत्तम शिकवतात. त्यांच्यात जाणते आणि प्रामाणिकही पुष्कळ आहेत. मात्र बाजारात मागणी आहे ती फाइलची.

फाइल असूनही माणसे कशी मरतात, याचा सर्वांत मोठा धडा भोपाळचा आहे. युनियन कार्बाइडच्या अमेरिकेतील मुख्य कंपनीच्या पथकाने मे १९८२ मध्ये भोपाळच्या कारखान्याची सुरक्षा तपासणी केली होती. पथकाने दोष नोंदविले होते आणि अहवालही दिला होता. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री मिथाइल आयसोसायनेटची टाकी तापली तेव्हा शीतकरणाची यंत्रणा बंद करून ठेवलेली होती, आणि निसटणारा वायू जाळून टाकणारा मनोरा दुरुस्तीसाठी जोडणीतून काढलेला होता. म्हणजे तपासणी झाली होती, दोष कागदावर होते, आणि दोन वर्षांनंतर वायू हजारो झोपड्यांवर पसरला. पुढे वर्षभरात, ४ डिसेंबर १९८५ रोजी, खुद्द दिल्लीत श्रीराम कारखान्यातून ओलियम वायूची गळती झाली. सर्वोच्च न्यायालयाने त्या प्रकरणात घातक उद्योगाची जबाबदारी निरपवाद ठरवली. त्यानंतर १९८७ साली कारखाने कायद्यात घातक प्रक्रियांचे स्वतंत्र प्रकरण घालण्यात आले. राजधानीला गळती झाल्यावर कायदा लवकर होतो, असे कोणी म्हटले तर ते अगदीच अन्यायाचे ठरणार नाही.

हे प्रकरण आणि त्याच्या जोडीला पर्यावरण संरक्षण कायद्याखाली १९८९ साली आलेले घातक रसायनांचे नियम, यांची आखणी चांगली होती. ठरावीक मर्यादेपलीकडे रसायने साठविणाऱ्या कारखान्याने सुरक्षा अहवाल द्यायचा, आवारातील आपत्कालीन योजना लिहून ठेवायची आणि दर सहा महिन्यांनी तिची रंगीत तालीम घ्यायची. आवाराबाहेरची योजना जिल्हा प्रशासनाची, तिची तालीम वर्षातून एकदा. मोठा अपघात झाल्यास ४८ तासांच्या आत कळवायचे. कारखाने कायद्याच्या कलम ४१-ब प्रमाणे धोक्याची माहिती कामगारांना, स्थानिक प्राधिकरणाला आणि आसपासच्या जनतेलाही देणे बंधनकारक होते. ४१-ग प्रमाणे घातक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्यात कामगार आणि व्यवस्थापन यांच्या सारख्या संख्येची सुरक्षा समिती हवी होती. आसन्न धोक्याचा इशारा देण्याचा हक्क ४१-ह ने कामगाराला दिला होता. मल्लेश्वरमच्या एखाद्या निवृत्त अधिकाऱ्याने पीण्यातील कारखान्याच्या फाटकावर जाऊन ‘तुमच्या रसायनांची माहिती द्या, मी शेजारी राहतो’ असे म्हटले असते, तर कायदा त्याच्या बाजूने उभा होता. असे कोणी केले असल्याचे आमच्या ऐकिवात नाही.

महाराष्ट्रातील घटना याच चौकटीत घडल्या आहेत. डोंबिवलीच्या एमआयडीसीत २६ मे २०१६ रोजी प्रोबेस कंपनीत स्फोट झाला. १२ जण मरण पावले, शेकडो जखमी झाले आणि दूरवरच्या इमारतींच्या काचा फुटल्या. चौकशी समितीने या स्फोटाचा संबंध प्रोपार्जिल क्लोराइड या ज्वालाग्राही रसायनाशी आणि वेल्डिंगच्या कामाशी जोडला. तो अहवाल लोकांपर्यंत पोहोचायला माहितीच्या अधिकाराचा आधार घ्यावा लागला. ७ जून २०२१ रोजी पुण्याजवळ पिरंगुटच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्या पट्ट्यात, उरवडे येथील रासायनिक कारखान्यात १७ कामगार जळून गेले आणि त्यांत १५ स्त्रिया होत्या. ३ नोव्हेंबर २०२३ रोजी महाडच्या औषधनिर्मिती कारखान्यातील आगीत ११ जण गेले. २३ मे २०२४ रोजी पुन्हा डोंबिवलीत अमुदान केमिकल्सच्या स्फोटात दहाहून अधिक बळी पडले आणि पुढच्याच महिन्यात, १२ जूनला, त्याच वसाहतीत आणखी एका कारखान्याला आग लागली.

अमुदानच्या प्रकरणातील एक तपशील अधिकारीवर्गाने विशेष लक्षात घ्यावा. पहिल्या काही तासांत ‘बॉयलर फुटला’ असे सर्वत्र सांगितले गेले आणि नंतर तो रिॲक्टर असल्याचे स्पष्ट झाले. महाराष्ट्रात बॉयलरकडे पाहायला बाष्पके संचालनालय आहे आणि कारखान्याकडे पाहायला औद्योगिक सुरक्षा व आरोग्य संचालनालय. त्यामुळे भांडे कोणते फुटले यावरून जाब कोणाला विचारायचा ते ठरते. कर्नाटकात कारखाने आणि बाष्पके एकाच विभागाखाली आहेत. ही सोय चांगली आहे, पण ज्वालाग्राही द्रव आणि दाबाखालचे वायू यांचे परवाने तिथेही केंद्राच्या स्फोटके सुरक्षा संघटनेचे. या संघटनेचे मुख्यालय नागपुरात आहे. त्याच नागपूरजवळ बाजारगावला १७ डिसेंबर २०२३ रोजी स्फोटकांच्या कारखान्यात नऊ जण ठार झाले. मुख्यालय जवळ असल्याने अपघात टळत नाही, एवढे यावरून दिसते. प्रदूषण नियंत्रण मंडळ, अग्निशमन दल, विद्युत निरीक्षक हे आणखी निराळे. सहा खात्यांची सहा परवानापत्रे भिंतीवर टांगलेली असतात, आणि रिॲक्टरचे तापमान अचानक वाढू लागले तर काय करायचे हे मात्र सहांपैकी एकाच्याही कागदावर नसते.

लहान उद्योजकाची बाजू इथे सांगितली पाहिजे, कारण या विषयावर लिहिताना ती गाळण्याची आपल्याकडे पद्धत आहे. पीण्यातला किंवा डोंबिवलीतला दहा-पंधरा माणसांचा मालक स्वतःच रसायनतज्ज्ञ, स्वतःच खरेदी अधिकारी आणि स्वतःच सुरक्षा अधिकारी असतो. प्रत्येक खात्याचा माणूस निराळ्या दिवशी येतो, निराळा नमुना मागतो आणि काही जण नमुन्याशिवाय आणखी काही मागतात. ‘इन्स्पेक्टर राज’ ही शिवी उद्योगपतींनी उगाच तयार केलेली नाही. तिच्यामागे खरा छळ होता, आणि ज्याने तो भोगला त्याला सुरक्षेच्या कळकळीने आलेला निरीक्षकही वसुलीला आलेलाच वाटतो. या अनुभवाचा राजकीय उपयोग मात्र मोठ्या कारखान्यांनी अधिक करून घेतला.

या कथेतील दिल्लीचा भाग इथून सुरू होतो. १६ ऑक्टोबर २०१४ रोजी पंतप्रधानांनी ‘श्रमेव जयते’ कार्यक्रमात संगणकाने निवडलेल्या यादृच्छिक तपासणीची घोषणा केली. निरीक्षकाने स्वतःच्या मर्जीने कारखाना निवडू नये, हा हेतू समजण्यासारखा होता. २०१५ साली महाराष्ट्राने स्वयंप्रमाणनाची योजना आणली. गुंतवणुकीच्या स्पर्धेत कोणतेही राज्य मागे राहू इच्छित नव्हते, आणि सत्तेवर पक्ष कोणता याने त्यात फारसा फरक पडला नाही. त्यानंतर संसदेने २०२० साली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता मंजूर केली आणि ती २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली. १९४८ चा कारखाने कायदा तिच्या पोटात गेला. निरीक्षकाचे नाव आता ‘निरीक्षक तथा सुविधाकर्ता’ झाले आहे. विजेवर चालणाऱ्या कारखान्यासाठी कामगारांची किमान मर्यादा दहावरून वीसवर आणि विजेविना चालणाऱ्यासाठी वीसवरून चाळीसवर गेली आहे. घातक प्रक्रियांविषयीची जुनी कलमे बऱ्याच अंशी नव्या संहितेत आली आहेत. माहिती देण्याचे बंधन आहे आणि इशारा देण्याचा हक्कही आहे. एक बदल मात्र नजरेतून सुटण्यासारखा आहे, आणि त्याकडे आम्ही शेवटी येऊ.

निरीक्षणाविषयी भारताने जगाला दिलेला शब्दही आहे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा ८१ क्रमांकाचा करार आपण १९४९ सालीच मान्य केला. निरीक्षकाला दिवसा किंवा रात्री, कोणत्याही वेळी, पूर्वसूचना न देता कारखान्यात शिरता आले पाहिजे, असे त्यात म्हटले आहे. मोठ्या औद्योगिक अपघातांच्या प्रतिबंधाचा १७४ क्रमांकाचा करार आपण २००८ साली मान्य केला. संगणकाने कारखाना निवडावा, याला कोणाचा आक्षेप असण्याचे कारण नाही. पण ज्या कारखान्यात टनांनी विद्रावक साठविलेले आहे तो आणि ज्या कारखान्यात शर्टाला गुंड्या लावल्या जातात तो, हे दोन्ही एकाच सोडतीत घातले जाऊ नयेत. जोखीम जितकी अधिक तितकी भेट वारंवार, आणि तीही न कळवता, हा नियम राज्यांना आपापल्या नियमांत लिहिता येतो. सुविधाकर्त्याने कार्यालयात बसून मालकाला जितका हवा तितका सल्ला द्यावा. निरीक्षकाने मात्र रात्रपाळीत यावे, कारण रात्रपाळीत रंग लावायला वेळ मिळत नाही.

मग खरी तयारी कोणती? उद्योजकाने निरीक्षकाची वाट न पाहता सोमवारी सकाळी स्वतःच आपल्या शेडमधून एक फेरी मारावी. हातात यादी नको, प्रश्न असावेत. हा ड्रम कशाचा, आणि त्यावरील चिठ्ठी मूळची की जुन्या ड्रमवर नवे रसायन भरलेले? त्याच्याशेजारच्या ड्रममधले रसायन त्यात मिसळले तर काय होईल? या रिॲक्टरची दाब सोडणारी झडप शेवटची कधी उघडून पाहिली, आणि ती उघडली तर आतला माल कुठे जाईल? वर जाईल की मजुरांच्या डोक्यावर? विद्रावक एका भांड्यातून दुसऱ्यात ओतताना भांड्याला भुईशी जोडणारी तार लावलेली आहे का? ती नसेल तर कोरड्या दिवशी स्थिर विजेची एक ठिणगी पुरेशी असते. वेल्डिंगचा परवाना कोण देतो, आणि तो देण्यापूर्वी जागेवर जाऊन वायू मोजतो की टेबलावरच सही करतो? डोंबिवलीचा २०१६ चा प्रसंग आठवला म्हणजे या प्रश्नाचे वजन कळते. डोळे धुण्याच्या नळाला पाणी येते का? ही तपासणी दहा सेकंदांची आहे, आणि अनेक कारखान्यांत ती करताना गंजाचे पाणी येते.

धुळीचा प्रश्न तर कोणाच्या मनातही नसतो. ३० जून २०२५ रोजी तेलंगणात पाशमैलारम येथील सिगाची कारखान्यात स्फोट होऊन चाळीसहून अधिक माणसे मेली. तिथे औषधी गोळ्यांत वापरली जाणारी सेल्युलोजची भुकटी बनत होती. ही वस्तू विषारी नाही, माणूस ती गोळीबरोबर रोज गिळतो. पण बारीक भुकटी हवेत तरंगू लागली की पेटती काडीसुद्धा तिला पुरते, ही जाणीव आपल्या कारखान्यांत फार उशिरा येते. बीदरहून हैदराबादकडे जाणाऱ्यांना पाशमैलारमचे नाव परके नसावे. मृतांत परप्रांतांतून आलेले कामगार मोठ्या संख्येने होते आणि स्फोटानंतर आत नेमके किती जण होते हे सांगता येईना. ज्याची नोंद नाही त्याला तपासणीच्या दिवशी घरी पाठवता येते. अपघात मात्र सांगून येत नाही.

परप्रांतीय कामगाराचा हा मुद्दा भाषेचाही आहे. जुन्या कायद्याच्या कलम १०८ प्रमाणे कारखान्यातील सूचना इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत लावायच्या होत्या. ‘बहुसंख्य’ या एका शब्दात पीण्यातला मराठी कामगार गळतो आणि तारापूर-बोईसरमधला ओडिया किंवा भोजपुरी बोलणाराही गळतो. बंगळुरातील आमची मराठी माणसे पाट्यांच्या भाषेवरून तावातावाने बोलतात. आमच्याच राज्यातील रासायनिक वसाहतींत धोक्याची पाटी कोणत्या भाषांत असते, याची चौकशी मात्र आम्ही कधी केली नाही. रसायनाचे माहितीपत्रक सोळा मुद्द्यांचे आणि बहुधा इंग्रजीत असते, आणि ते कार्यालयात कुलपात असते. त्यातल्या चारच गोष्टी मजुराला त्याच्या बोलीत सांगाव्या लागतात. हे अंगावर पडले तर काय करायचे, श्वासात गेले तर काय, आग लागली तर पाणी मारायचे की नाही, आणि पळायचे तर कोणत्या दिशेला. वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी छतावर असते ती याचसाठी, शोभेसाठी नव्हे. बेळगावजवळ नावगे येथील चिकटपट्टीच्या कारखान्यात ऑगस्ट २०२४ मध्ये लागलेल्या आगीत एक कामगार आत अडकून मेला. सीमाभागात भाषेवरून होणाऱ्या मोर्चांच्या बातम्या येतात, त्यामानाने या बातमीला किती जागा मिळाली?

दिल्लीत, मुंबईत आणि बंगळुरात बसलेल्या मराठी अधिकाऱ्यांकडे या संहितेखालचे नियम, आदेश आणि परिपत्रके यांचे मसुदे या ना त्या रूपाने येतच राहणार आहेत. त्यांतील काहींना शीवच्या केंद्रीय कामगार संस्थेतील प्रशिक्षणाच्या आठवणी असतील, काहींनी जिल्हाधिकारी म्हणून आवाराबाहेरच्या योजनेवर सह्याही केल्या असतील. चौकशी समित्यांचे अहवाल ठरावीक मुदतीत प्रसिद्ध करण्याची अट नियमांत घालणे त्यांच्या हाती आहे. प्रोबेसचा अहवाल वेळेवर प्रत्येक कारखानदाराच्या टेबलावर गेला असता, तर वेल्डिंगच्या परवान्याकडे काहींनी तरी निराळ्या नजरेने पाहिले असते. डोंबिवलीतील धोकादायक कारखाने पाताळगंगेला हलविण्याची घोषणा २०२२ मध्ये झाली, कारखान्यांचा आकडाही, १५६, जाहीर झाला, आणि २०२४ च्या स्फोटानंतर स्थलांतराची घोषणा नव्याने करावी लागली. स्थलांतर हे वर्षांचे काम आहे. अहवाल छापायला एक आठवडा पुरतो.

आता वर राखून ठेवलेला तो बदल. जुन्या कायद्यात घातक प्रक्रिया चालणाऱ्या प्रत्येक कारखान्याला सुरक्षा समिती बंधनकारक होती, कामगार किती याचा प्रश्न नव्हता. नव्या संहितेच्या कलम २२ प्रमाणे समिती हवी की नको हे शासनाने आदेशाने ठरवायचे आहे, आणि घातक कारखान्यात सुरक्षा अधिकारी नेमण्याची सक्ती अडीचशे कामगारांपासून पुढे आहे. या कलमाखाली आदेश काढताना राज्यांना माणसे मोजता येतील किंवा रसायने मोजता येतील. उरवड्याच्या त्या कारखान्यात ७ जून २०२१ च्या दुपारी कामावर असलेली माणसे चाळिसाच्या आसपास होती.